चंद्राची पट्टी, माझं मशीन

मेथोट्रेक्झेट हे केमोचं औषध भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार होती आणि चंद्रा कमरेवर हात ठेवून मला विचारत होती, "बाई, ह्या सुईने तोंड येतं म्हणतात. मग मालाडच्या बाजारात गिऱ्हाइकाशी भांडायचं कसं?"

चंद्रा मढची कोळीण. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले, आणि निघाला द्राक्षगर्भ. म्हणजे बाळ वाढतच नाही. बाळाला पोसणारी वार फुगून द्राक्षांच्या घोसासारखी होते. ती आम्ही काढून टाकली होती. पण कधीकधी तिच्या पेशी मागे राहतात आणि त्यांची गाठ होते, कॅन्सरसारखी पसरणारी. म्हणून दर आठवड्याला रक्तातलं बीटा एचसीजी मोजायचं. हे गरोदरपणाचं हार्मोन. ते उतरत गेलं की सुटलो. अडकलं किंवा चढलं की केमो. केमोने ही गाठ बहुतेक बरी होते. फक्त त्यानंतर वर्षभर मूल होऊ द्यायचं नाही.

चंद्राचा आकडा ऐंशीच्या आसपास चार आठवडे अडकला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला चक्क आनंद झाला होता! अंधेरीच्या हॉस्पिटलात मी याच गाठींवर रिसर्च करत होते आणि माझ्या पेपरला नेमकी एक केस कमी पडत होती. तेव्हा मी अडतीसची. नाक इतकं वर, की समोरचा माणूस दिसायचा नाही. आज माझी नातवंडं मला मोबाइल शिकवताना जो चेहरा करतात, तोच मी पेशंटसमोर करायचे.

"घाबरू नकोस, केस नाही जाणार," मी म्हणाले.

"केसांचं मरू दे. अजून एक वर्ष थांबायला लावता, त्याचं काय? आणि हे बघा." तिने पिशवीतून एक पट्टी काढली. मेडिकलमध्ये मिळते ती, लघवीत हार्मोन असलं की दोन रेघा दाखवणारी. "दोनदा केली. एकच रेघ."

"अगं, आमचं मशीन लाखांचं आहे. ही पट्टी कुठे घेऊन बसलीस?"

"काटा महाग म्हणून वजन खरं होतं काय? बाजारात बसते मी, बाई."

मी सिरिंज उचलली. तेवढ्यात आमच्या हेड मॅडम राउंडवर आल्या. त्यांनी पट्टी हातात घेऊन निरखली.

"लघवी तपासलीस का गं?"

"नाही मॅडम. रक्ताचे चार रिपोर्ट आहेत ना."

"एकाच मशीनचे. खरोखर ऐंशी असतं, तर इथे दुसरी रेघ नको? ठेव ती सिरिंज खाली."

लघवीत हार्मोन शून्य. रक्ताचा नमुना घाटकोपरच्या एका लॅबला पाठवला. त्यांचं तपासणीचं किट वेगळं. तिथेही शून्य.

झालं होतं असं: काहींच्या रक्तात एक अँटिबॉडी असते. ती किटला चिकटते आणि मशीनला वाटतं, हार्मोनच सापडलं. ही अँटिबॉडी आकाराने मोठी, लघवीत उतरत नाही. म्हणून पट्टी खरं बोलत होती. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते!

चंद्राला सांगितलं, "गाठ नाही. इंजेक्शनही नाही."

ती मटकन कॉटवर बसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे आजारी मशीन होतं! मग त्यालाच टोचा ना."

मॅडम खो खो हसल्या. मी ट्रेमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

सहा महिने तिची दर महिन्याला तपासणी केली, रक्ताबरोबर लघवीचीही. सगळं ठीक. पुढे तिला मुलगी झाली. पेपर मात्र एक केस कमी ठेवूनच पाठवावा लागला.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळलं. रिपोर्ट अगदी आपल्याला हवा होता तसाच आला, की तो दुसरीकडून पुन्हा करून घ्यायचा.