चाचीचं ‘चालतंय की’

आमच्या कोल्हापुरात ‘चालतंय की’ हे दोन शब्द माणूस दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. चहा घेणार? चालतंय की. गाडी चुकली, पायीच जाऊ? चालतंय की. कधी त्याचा अर्थ ‘हो’, कधी ‘बघू’, आणि कधी ‘तुमच्या तोंडावर नाही कसं म्हणू’. कुठला कुठं, ते आवाजावरून कळतं. इथं जन्मलेल्याला कळायलाच पाहिजे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी बी.कॉम. होऊन एका ट्रस्टमध्ये कामाला लागले होते. गुळाच्या एका व्यापाऱ्यानं तो काढलेला. गरिबाला भीक नको, भांडवल द्या, असं शेठजींचं म्हणणं. बिनव्याजी थोडी रक्कम द्यायची आणि माल बाजारात न्यायला शिकवायचं. मला ते मनापासून पटलं होतं. शेठजींच्या मनात खोट होती असं मी आजही म्हणणार नाही. घाई माझी होती.

पहिलं नाव मीच सुचवलं, चाचीचं. चाची मिरची कुटायची; आम्ही पोरं तिला चाची म्हणायचो, आई भाभी. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. उन्हाळ्यात दहा-बारा घरी जाऊन उखळात मिरची कुटायची आणि त्या कमाईवर वर्षाचं धान्य भरायची. आमचं घर त्यातलंच एक. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभर कालवणाला लागणारा तिखट मसाला, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. ते सगळं चाचीच्या डोक्यात. आमच्यात लसूण जास्त. शेजारच्या मास्तरांकडं लवंगी मिरची कमी, कारण “मास्तरास्नी पोटाचा तरास हाय न्हवं!” आई शेजारी बसून चिमटीनं चव बघायची, आणि दोघी डोळ्यांतलं पाणी पुसत कुणाकुणाच्या सुनांवर हसायच्या.

मी फॉर्म घेऊन चाचीच्या घरी गेले.

“चाची, दारोदार किती दिवस कुटत फिरणार? घरीच चटणी करायची, पुड्या भरायच्या, दुकानात ठेवायच्या.”

“आनि माझी घरं गं?”

“घरं सोडा आता. धंदा करायचा तर एक काय ते धरा.”

तिनं पदरानं बशी पुसून मला चहा दिला. मग हळूच म्हणाली, “तू म्हंतीस तर... चालतंय की.”

मी फॉर्मवर लिहिलं, ‘संमती आहे.’

अगं बये! ‘तू म्हंतीस तर’ हे ऐकूनसुद्धा लिहिलं! डोळ्यांसमोर वाढलेली पोरगी हौसेनं कागद घेऊन दारात आलेली, तिला नाही म्हणायचं चाचीच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

ट्रस्टच्या पैशातून पोतं भरून संकेश्वरी मिरची आली. यंदा जमणार न्हाय, असा चाचीनं घरोघर निरोप धाडला. आई माझ्यावर भडकली. “तुझं शिक्षण घाल चुलीत! आता आमची मिरची काय तुझा ट्रस्ट कुटनार?” शेवटी तिनं ती विजेच्या डंखावर, म्हणजे मिरची कुटायच्या मशीनवर, कुटून आणली. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही तेच केलं.

पुड्या मात्र दुकानांतून तशाच परत आल्या. त्या काळी आमच्याकडं विकतची चटणी कोण खातंय? आणलीच कुणी, तर “घरात बाईमानूस न्हाय काय?” असं लोक विचारायचे. मी स्वतः उभ्या जन्मात विकतची चटणी खाल्ली नव्हती, आणि हे मला फॉर्म भरताना आठवलं नाही! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणी मी, आणि बैल रिकामा चाचीचा.

शेठजी भला माणूस. त्यांनी रक्कम सोडून दिली. ट्रस्टचा विषय मिटला. चाचीची घरं तिला कोण परत देणार होतं?

पुढच्या फाल्गुनात एका सकाळी ती खांद्यावर मुसळ घेऊन आमच्या दारात आली. मी आतल्या खोलीत वेणी घालत होते.

“वैनी, मिरची वाळली न्हवं?”

आई चाचरली. “औंदा बी डंखावरच दिली गं भाभी. तासाभरात हुतंय... समदीच तिकडं जात्यात आता.”

मुसळ जमिनीवर टेकल्याचं ऐकू आलं. मग चाचीनं विचारलं, “पोरगी कुठाय? बरी हाय न्हवं?”

“हाय की. आत हाय.”

चार पावलांवर दार होतं. बाहेर जाऊन “चाची, माझं चुकलं” एवढं म्हणायचं होतं. अर्धी वेणी हातात धरून मी तशीच उभी राहिले. लाज वाटली मला, आणि भीतीही. त्या लाजेचाच मला आज जास्त राग येतो. चाची जरा थांबली, मी बाहेर येईन म्हणून. मग मुसळ परत खांद्यावर घेतल्याचा आवाज आला.

“चालतंय की,” ती म्हणाली. “येतो मी, वैनी.”

आणि ती मास्तरांच्या दाराकडं वळली. त्यांचीही मिरची डंखावरून कुटून आली होती, हे मला ठाऊक होतं.