पाहुण्याची तलवार

आमच्या घरातली तलवार आमची नाही, हे आजोबा दर दसऱ्याला सांगायचे. त्र्यंबकेश्वरला निघालेला एक पाहुणा लासलगावजवळच्या आमच्या गावी त्यांच्या आजोबांकडे मुक्कामाला राहिला. परत जाताना नेतो म्हणून तलवार ठेवून गेला, तो आलाच नाही. त्याचं नाव घरात कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. आजोबांना मात्र मरण्याआधी ती त्याच्या घरी पोचती करायची होती.

"माझ्यामागं तू इकून खाशील," ते बाबांना म्हणायचे.

"घेणार कोण? धार कुठंय तिला? कांदा चिरायचा नाही तिनं," बाबा म्हणायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून इंटरनेटवर शोधायचं काम माझ्याकडे आलं. नाशिकमध्येच जुन्या शस्त्रांचे एक जाणकार सापडले. फोन करायचा धीर होईना, म्हणून मेसेज करून वेळ घेतली. आजोबांनी त्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसलं आणि तलवार नव्या टॉवेलात गुंडाळली.

जाणकारांनी ती टेबलावर ठेवून उलटसुलट पाहिली. "ही लढाईची नाही. धार कधी लावलेलीच नाही. मानाची तलवार आहे, दरबारात सन्मान म्हणून देत. पातं परदेशातून आलेलं, मूठ इकडच्या कारागिराची."

आजोबांनी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"पन कोनाची?" आजोबांनी विचारलं.

"ज्याला दिली त्याचं नाव मुठीजवळ सोन्याच्या तारेनं लिहीत." जाणकारांनी तिथे टॉर्च धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. पात्यावर बारीक ओरखड्यांची जाळी होती. तिच्यात मला एवढंच वाचता आलं: राव यांस.

"नुसतं राव?" बाबा हसले. "मग निम्मा जिल्हा येईल मागायला."

"आधी पूर्ण असणार. घासून गेलंय. साफ कशानं करता?"

"चिंच आन् राख," आजोबा म्हणाले. मग थांबून हळूच म्हणाले, "मी ल्हान व्हतो तव्हा तिथं पिवळं पिवळं व्हतं. वाटलं, पूजेची हळद बसलीय. लय घासायचो दर वर्षी. परक्याची वस्तू, चकचकीत नको का ऱ्हायला?"

बाबा खुर्चीत सावरून बसले. जाणकारांनी टॉर्च बंद केला आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "संग्रहालयात द्यायची का? तिथे नीट जपतील."

"माझी असती तर दिली असती," आजोबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना इथे आणायलाच नको होतं. सकाळी निघताना त्यांच्यापुढे एक काम होतं, अवघड पण करता येण्यासारखं. ते आम्ही तासाभरात काढून घेतलं.

परतताना गाडीत तलवार त्यांच्या मांडीवर होती. द्वारका चौकातल्या सिग्नलला ते म्हणाले, "आता त्यांचं कोनी आलं, तरी वळखायचं कशावरनं?"

बाबांनी नुसताच गिअर टाकला. मी फोनमध्ये त्या अक्षरांचा फोटो मोठा करून बघत होते. 'राव'च्या आधी फक्त ओरखडे होते. मनात आणलं तर त्यांत कुठलंही अक्षर दिसत होतं.

"दिसतं का काई?" आजोबांनी वाकून विचारलं.

"नाही, आजोबा," मी म्हटलं, आणि फोटो आणखी मोठा केला.