टँककाकांची तीन पदकं

साऱ्या टेक्ससमध्ये मला सौद्यात हरवणारा एकच माणूस भेटला, आणि तो स्वतः हरलेल्या सैन्यातला होता. प्लेनोला आमच्या शेजारी राहणारा हा जर्मन म्हातारा महायुद्धात रणगाडा चालवायचा. आमच्या मुली त्याला टँककाका म्हणत. जुन्या वस्तू घासाघीस करून घ्यायच्या आणि शनिवार-रविवार बाजारात व्हॅन लावून विकायच्या, ह्यावर मी घर उभं केलं. मला त्याची तीन पदकं हवी होती; गिऱ्हाइकं तयार होती. सहा वर्षं मी मागितली, सहा वर्षं तो गार लेमोनेड पाजून 'नाही' म्हणाला.

पराक्रम म्हणाल तर पहिला रणगाडा रशियात तिसऱ्याच दिवशी चिखलात बुडाला. "हळूहळू बुडाला," तो कौतुकानं सांगे, "जेवणाचा डबा काढता आला." दुसरा दुरुस्तीला गेला तो गेलाच, त्याची पावती मात्र ह्यानं जपून ठेवली होती. तिसऱ्यातलं पेट्रोल फ्रान्समध्ये संपलं, तेव्हा हा कॅन घेऊन निघाला आणि अमेरिकन सैनिकांनाच पंप विचारून बसला. त्यांनी कैदी म्हणून टेक्ससला आणून कापूस वेचायला लावला. इथलं पोटभर जेवण त्याला इतकं आवडलं, की सुटका होऊन घरी गेलेला हा गडी पुढे स्वतः तिकीट काढून परत आला. पहिलं पदक हल्ल्यात भाग घेतल्याचं: "रांगेत मधे होतो, वळायला जागा नव्हती." दुसरं जखमेचं, रणगाड्याचं झाकण बोटांवर आपटलं होतं. तिसरं रशियातली थंडी काढल्याबद्दल. तिन्ही कॉफीच्या डब्यात, खिळ्यांसोबत. गवत कापायच्या यंत्रावर मात्र तो अजून ताठ बसे आणि दर आठवड्याला माझ्या गुलाबांवर चाल करून येई.

एका दसऱ्याला बायकोनं नव्या व्हॅनवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. ताम्हण आणायला आम्ही आत वळलो, तोच धाकटी ओरडली, "डॅड, टँककाका इज वॉशिंग अवर व्हॅन!" बाहेर हा बनियनवर, हातात बागेचा पाइप. स्वस्तिक, हार, नारळ, सगळं वाहून चाललेलं. माझं डोकंच फिरलं.

"शुभचिन्ह आहे आमचं! तुमच्या पणजोबांच्याही आधीपासूनचं!"

"माहीत आहे, नेबर," पाइप चालूच, "पण माझ्या हातांना माहीत नाही. आणि रस्त्यावरच्या लोकांनाही नाही. काच फोडतील तुझी."

स्वस्तिक केव्हाच पुसलं होतं, तरी तो त्याच जागेवर पाणी मारत राहिला.

"अहो, ओरडता काय? आधी बसवा त्यांना," बायको म्हणाली. तिनं त्याला शिरा दिला, आणि आपट्याऐवजी अंगणातल्या रेडबडच्या झाडाचं पान हातावर ठेवलं. आज आम्ही हे सोनं म्हणून देतो, हेही समजावलं. पान खिशात घालून तो घरी गेला आणि कॉफीचा डबा घेऊन आला.

"हे माझं सोनं. पण विकायचं नाही."

"मग मी ह्याचं करू काय?"

"चाळीस वर्षं मीही तोच विचार करतोय."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. डबा माझ्या गॅरेजात आहे. माल हातात, भाव तोंडपाठ, आणि बायको म्हणते, "दसऱ्याचं सोनं कुणी विकतं का?" असा तोट्याचा सौदा मी आयुष्यात केला नाही. परवा आलेल्या गिऱ्हाइकाला मीच हाकललं.

यंदाही तिनं व्हॅनवर स्वस्तिक काढलं. मी सवयीनं शेजारच्या अंगणाकडे पाहिलं. पाइप गुंडाळून ठेवलेला होता. आम्ही आरती केली, नारळ फोडला. आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, मीच बादलीभर पाणी आणलं.