ब्याण्णव टक्क्यांवर

टायपिंगकाकूंचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डोक्याला ताप. चालू करावा, अंघोळ उरकावी, भांडी घासून व्हावीत, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे! लोकांचे प्रबंध टाइप करून देण्यात काकूंची बावीस वर्षं गेली, त्यातली निदान दोन तरी या चक्राकडे बघण्यात गेली असतील. आणि उद्या दुपारी बारापर्यंत एका मुलीचा प्रबंध छापून विद्यापीठात पोचायचा होता. उशीर झाला की तिचं वर्ष बुडालं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाच्यानं फोनवरच निदान केलं. "मावशी, तुझ्या हार्ड डिस्कमध्ये एकेका फाइलचे तुकडे दहा ठिकाणी पडलेत. ते गोळा करता करता त्याला धाप लागते. डीफ्रॅग लाव, सगळे तुकडे ओळीनं लागतील. सहा तास जातील, पण मध्येच बंद पडता कामा नये. आणि आधी कॉपी काढ."

"आहे रे कॉपी," काकू म्हणाल्या. होतीही. पण मागच्या आठवड्यातली, पाचवं प्रकरण टाइप व्हायच्या आधीची. हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यान होतं नवऱ्यावर. मीटरकाका चौतीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वाचायला एकच मीटर उरला, घरचा. खोलीतून माणूस उठला की बटण बंद, हा त्यांचा कायदा. काकू आत असताना त्यांनी न्हाणीघरातला दिवा घालवला होता, तोही एकदा नव्हे!

"अहो, आज या खोलीच्या बटणाला हात लावलात ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

"नाही लावत गं बाई. पण सहा तास दिवा, पंखा आणि हे धूड? मीटर बघ कसा पळतोय."

"पळू दे!"

काका कुरकुरत मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि काकू पहाऱ्याला. पडद्यावर लाल-निळे चौकोन मुंगीच्या पावलांनी सरकत होते. सोळा टक्के. एकतीस टक्के. ताट मांडीवर घेऊन जेवल्या, पाणी प्यायलासुद्धा उठल्या नाहीत. काका दोनदा दारात डोकावले.

"किती झालं?"

"तुमचं डोकं! जा तिकडे."

दुपारी अडीच वाजता ब्याण्णव टक्के झाले आणि बेल वाजली. ती मुलगीच होती, हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आकडे ताडून बघायला आलेली. काकूंना हायसं वाटलं. त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि तिच्यासह खोलीत आल्या तर पडदा काळा ठिक्कर.

"अहो!" सगळी गल्ली जागी व्हावी असा आवाज. काका तोंडावर पेपर घेऊन घोरत होते, ते दचकून उठले आणि धावत आले.

"सांगितलं होतं ना? एक दिवस, एकच दिवस धीर धरवला नाही तुम्हाला! या मुलीच्या वर्षाचं वाटोळं केलंत!"

"अगं, मी तर झोपलो होतो..."

"खोटं बोलू नका!"

"काकू," मुलगी चाचरत म्हणाली, "तुम्हीच बंद केलंत. मी दारात उभी होते ना, खिडकीतून दिसलं. उठलात, बटणं दाबलीत आणि आलात."

काकूंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दिवा, पंखा, कॉम्प्युटर, तिन्ही बटणं एका फटक्यात. एकतीस वर्षांच्या संसारात त्या हाताला काकूंना विचारायची गरजच उरली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवा-पंखा बंदच ठेवून त्यांनी कॉम्प्युटरचं तेवढं बटण दाबलं. चार प्रकरणं उघडली. पाचवं काही केल्या उघडेना, आणि कॉपीतही ते नव्हतं. चाळीस पानं, नुसते तक्ते, दहा वर्षांतल्या विहिरींच्या पाणीपातळ्या. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं ते उद्या बारानंतर रड," काकू खेकसल्या; खरं तर स्वतःवरच. "कागद काढ. वाच."

पण ती ओढणीनं डोळेच पुसत राहिली. तेव्हा काकांनी चष्मा लावला आणि गठ्ठा आपल्याकडे ओढला. एक टोमणा नाही, काही नाही. मारला असता तर काकूंना उलट बरं वाटलं असतं.

"विहीर पहिली. चार दशांश दोन. चार दशांश नऊ." हजारो दारांत आकडे वाचलेला तो आवाज, खणखणीत, एक आकडा चुकायचा नाही. काकूंची बोटं चालू लागली, मुलगी शेजारी बसून ओळी ताडू लागली. आणि ते मेलं यंत्र, ब्याण्णव टक्क्यांवर का होईना, खरंच पळायला लागलं होतं!

एकतिसाव्या पानावर खोलीत अंधारून आलं. काकूंनी चष्मा पुसला, मान पुढे काढली, अक्षरं पुसट दिसत होती. पण आज दिवा मागायचा कुठल्या तोंडानं? त्या तशाच टाइप करत राहिल्या.

काका वाचता वाचता थांबले. ओळीवर पेन्सिल ठेवून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी दिवा लावला. जरा थांबून पंखाही लावला.

"हं," ते बसत म्हणाले, "विहीर एकोणिसावी."