बिअरचं सोवळं

सांता क्लारात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायचो, त्या हेमचंद्रकाकांनी देव सोडला होता, जानवं सोडलं होतं. सोवळं तेवढं सोडलं नव्हतं. ते बिअरच्या ग्लासांचं होतं. चिप बनवणाऱ्या कंपनीत धुळीच्या कणाशी वैर करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि पंच्याऐंशीच्या मंदीत कंपनीनं त्यांनाच झटकून टाकलं. तेव्हापासून ते गॅरेजमध्ये बिअर बनवत.

ग्लास ते गॅरेजातल्या सिंकमध्ये मीठ लावून स्वतः धुवायचे. पुसायचे नाहीत, उपडे घालून वाळवायचे. तेलाचं बोट लागलं तरी फेस बसतो, आणि फेस बसला की वास गेला, असं त्यांचं शास्त्र. वसुधाकाकूंना त्या कपाटाला हात लावायची बंदी होती. "तुझे हात तेलकट असतात," म्हणायचे. असायचेच, काकांच्या पाहुण्यांची भजी दुसरं कोण तळणार?

मी जिंतूरचा. आमच्याकडे बिअर म्हणजे पेपरात गुंडाळलेली बाटली. दातानं उघडायची आणि कोणी ओळखीचं यायच्या आत संपवायची. काकांनी मला माणसांत आणलं. ग्लास तिरका धरून ओतायचं, अर्धा भरला की सरळ करायचा, गाळ बाटलीतच ठेवायचा. आधी नाक, मग छोटा घोट, तो जिभेवर फिरवायचा. फार गारही नको. जीभ बधिर झाल्यावर कडू काय नि गोड काय. मला पहिल्यांदा त्यात संत्र्याच्या सालीचा वास आला, तेव्हा मुंजीतल्या बटूनं गायत्री बिनचूक म्हटल्यासारखे काका खूश झाले.

त्यांना आपलीच बिअर विकणारं छोटं रेस्तराँ काढायचं होतं. कॅलिफोर्नियात ते नुकतंच कायद्यात बसू लागलं होतं, पण बँकांच्या हिशेबात बसत नव्हतं. आशा उरली एकच, इथल्या मराठी मंडळातले पैसेवाले डॉक्टर प्रताप. त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं.

डॉक्टरांनी आल्या आल्या भजी घेतली. काकांनी ओतलेल्या ग्लासावर दोन बोटं फेस उभा होता. डॉक्टरांनी त्याच तेलकट ओठांनी घोट घेतला आणि फेस खाली बसत गेला. काका तो बसताना बघत राहिले.

"हेमचंद्र, कोमट आहे यार. आणि कडू. आइस आण ना."

मी काकांकडे पाहिलं. मागे बर्फ मागणाऱ्या एका मित्राच्या हातातला ग्लास काढून घेऊन त्यांनी त्याला कोक दिला होता. तो मित्र परत फिरकला नाही, आणि काकांना त्याची खंतही नव्हती.

काका उठले. फ्रीजमधून ट्रे आणला आणि आपल्या हातानं दोन खडे ग्लासात सोडले.

"अजून एक टाकू?"

डॉक्टरांनी ग्लास रिकामा केला, आता कशी बिअरसारखी लागली म्हणाले, जेवणाचं तोंडभर कौतुक केलं. निघताना बूट घालता घालता सांगून टाकलं, की त्यांचे पैसे मोटेलमध्ये चाललेत. काकांनीही आपली एखादी बरी नोकरी बघावी.

गाडी गेल्यावर काकांनी ग्लास गोळा केले. गॅरेजकडे वळले नाहीत, स्वयंपाकघरात गेले. काकू कढई घासत होत्या.

"हेही घास."

काकूंनी मान वर केली नाही. "माझे हात तेलकट आहेत."

"चालतील."

काकूंनी ते कढईच्याच घासणीनं घासले आणि फडक्यानं लख्ख पुसले. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांतच ताक आलं. काकांनी ते एका दमात पिऊन टाकलं.