आत्याबाईंनी नाव ठेवलं न्हाई

मला सैपाकातलं काही कळत न्हाई, हे आधीच सांगते. माझ्या भाकरीला चिरा पडतात, आन् माझं वरण एक दिवस पाणी तर दुसऱ्या दिवशी पिठलं. माझा छंद क्रोशाचा. औशाच्या आमच्या घरात टीव्हीला, फ्रीजला, मिक्सरला, पाण्याच्या माठाला, सगळ्यांना मी झबली घातलीत. "एक दिवस मलाबी घालशील," असं आमचे हे म्हणतात. दुसरा छंद ह्या डायरीचा. खताच्या दुकानातून दरसाल फुकट मिळती. आज काय शिजलं, काय उरलं, क्रोशा कुठवर आला, एवढंच लिहायची मी. पण गणपतीपासून हिच्यात दुसरं काही आलंच न्हाई. सगळी पानं अक्कानं खाल्ली.

अक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, मंजुश्री. उदगीरकडची. लग्न होऊन आली तवा बारीक, सावळी, तोंडातून शब्द न्हाई. आमच्या सासूबाईंनी, म्हंजे गौरम्मा आत्याबाईंनी, तिला पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसवलं, आन् तिथून ती उठलीच न्हाई. शिक्षण न्हाई, माहेरचा आधार न्हाई, चारचौघांत बोलता येत न्हाई. पण भावकीत लग्न निघालं की आमटीचा येसर, म्हंजे आमटीत घालायचं भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ, करायला अक्काच लागती. धान्य कोणचं किती लाल करायचं, मसाला कधी उतरवायचा, ते तिलाच ठावं. लोकांना तिचं नाव ठावं न्हाई, "ती औशाची येसरवाली सून" म्हणतात. मला तर कुणी क्रोशावाली बी म्हणत न्हाई.

तिचं सगळं नाकावर चालायचं. आमच्या घरात देवाला दाखवायच्या आधी सैपाक चाखायचा न्हाई. चमचा ओठाला लागला की झालं उष्टं. आत्याबाईंची लिंगपूजा व्हायच्या आधी जिथं पाण्याचा घोट मिळत न्हाई, तिथं भाजी चाखायचं नावच काढू नका. त्यामुळं अक्का पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची, एक लांब श्वास घ्यायची आन् म्हणायची, "मीठ जरासं कमी हाय." मी मुद्दाम ताटात घेऊन बघायची, कुठं चुकतीय का. मेली चुकायचीच न्हाई!

आन् इतकं करून आत्याबाईंच्या तोंडून कधी "चांगलं झालंय" म्हणून निघालं न्हाई. "तिखट झालंय." "फोडणी करपवलीस." "माझ्या सासूच्या हातची अशी नव्हती." असं म्हणत म्हणत म्हातारी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. मला राग यायचा, पण अक्का हसायची. म्हणायची, "दुसऱ्यांदा घेतली न्हवं? मंग बास. उद्या फोडणी जरा लवकर उतरवू."

गणपतीत घरात सगळ्यांना ताप आला आन् सगळ्यांचा उतरला. अक्काचाबी उतरला. एक दिवस दुपारी मी गच्चीवरून कपडे काढून खाली आले तर घरभर जळका वास. सैपाकघरात दूध आटून काळं झाल्यालं, आन् त्याच्याच शेजारी अक्का निवांत कोथिंबीर निवडत बसलेली.

"अक्का! अगं दूध!"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मंग पातेल्याकडं. गॅस मीच बंद केला. तिनं कोथिंबिरीची मूठ नाकाला लावली, चुरगाळली, परत लावली.

"शिवू, हिला वास हाय का?"

"हाय की."

"मला न्हाई येत," ती म्हणली, आन् मूठ तशीच नाकाशी धरून बसली.

तिनं मला शपथ घातली. "आत्याबाईंना कळू द्यायचं न्हाई. ही चूल गेली तर माझ्याजवळ हाय काय, सांग?" मी काय सांगणार? काही नव्हतंच.

मंग मी तिचं नाक झाले. अन् काय सांगू, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार! ती डाळीवर फोडणी टाकायची आन् इचारायची, "काय म्हणतंय?"

"चांगला वास यायलाय."

"चांगला म्हंजे कसा? कच्चा का भाजल्याला? लसूण पुढं हाय का जिरं?"

"लसूण लसणासारखा यायलाय, अक्का! मला काय ठावं पुढं का मागं!"

भांडायचो आम्ही, तेबी कुजबुजत, कारण बाहेर आत्याबाई. एकदा येसर भाजताना मी "झालं" म्हणले, तर गहू आतून कच्चा. एकदा "अजून थोडं" म्हणले, तर सगळा येसर कडू. तो आम्ही परसात खड्डा करून पुरला, चोरावानी. अक्का हातांनीच माती लोटत होती. भावकीतल्या एका लग्नाला येसर करायचं बोलावणं आलं, तर तिनं पाठ दुखतीय म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती जेवलीच न्हाई.

माझ्या चष्म्याचं निमित्त करून आम्ही दोघी एस.टी.नं लातूरला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर चांगला होता. म्हणला, तापानं वासाची नस दुखावली, येईलबी, न येईलबी, रोज लवंग, लिंबू, असलं काही हुंगत जा. अक्कानं इचारलं, "कधी येईल?" तो म्हणला, "सांगता येत नाही, ताई." परत येताना ती खिडकीला डोकं टेकून बसली. म्हणली, "दिसत न्हाई म्हणलं तर लोक हात धरतात. ऐकू येत न्हाई म्हणलं तर मोठ्यानं बोलतात. वास येत न्हाई म्हणलं तर हसतील गं."

मी हसले न्हाई. पण खरं सांगते, मलाबी आधी वाटलं होतं की त्यात काय एवढं.

दिवाळीला तिचा सत्यम आला. लातूरला क्लासला असतो, होस्टेलवर. अभ्यंगाला तिनं त्याच्या डोक्याला तेल लावलं आन् त्याच्या केसांत नाक खुपसून उभी राहिली. लेकरू लाजलं, "मम्मी, बास की." ती हळूच आत गेली, मोरीतला नळ सोडला. नळाच्या आवाजातूनबी तिचं रडणं मला ऐकू आलं. मी आत गेले तर म्हणली, "माझ्या लेकराचा वास गेला गं, शिवू." तवा मला कळलं त्यात काय एवढं ते. दोघी मोरीतच बसून रडलो, नळ चालूच.

खाणं तुटलं तिचं. "खारट कळतंय, आंबट कळतंय, पण वांगं हाय का दोडका ते डोळे मिटले की कळत न्हाई. भुसा चघळल्यावानी लागतंय." अंगावरची पोलकी ढगळ झाली, मीच टीप मारून दिली. लवंगेची डबी, हिंगाची डबी, फिनेलची बाटली, सगळं घेऊन परसात बसायची. हिंगानं शिंका यायच्या, वास न्हाई. एक दिवस शेगडी पुसता पुसता म्हणली, "आता गॅस चालू ऱ्हायला तरी मला कळायचं न्हाई." हे ती अशा आवाजात म्हणली की त्या दिवसापासून मी रोज निजायच्या आधी रेग्युलेटर स्वतः बंद करते, अन् परत एकदा उठून बघते.

आन् समोर येळवस. म्हंजे वेळा अमावस्या. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी लातूर काय, औसा काय, गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावल्याले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर दाखवायची, आन् मंग जो येईल त्याला जेवू घालायचं. ह्यातली भज्जी म्हंजे अक्काची. दुनियाभरच्या भाज्या, ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, सगळं बेसनात रटरटून शिजवायचं. ती भज्जी खायला लातूरहून माणसं येतात. अक्का म्हणली, "एवढी येळवस सावरून ने, शिवू. भज्जी बिघडली तर सगळं उघडं पडलं." मी म्हणले, "मी हाय की." लई तोंड वर करून म्हणले.

आन् नेमकं त्याच पहाटे माझं नाक चोंदलं! थंडी अशी पडली होती की बोटं वळेनात. वाफ घेतली, बाम चोळला, ओवा फडक्यात बांधून हुंगला. काही न्हाई. भलं मोठं पातेलं चुलीवर, दोघी बायका, आन् दोघींत मिळून नाक एकबी न्हाई. दुसरा दिवस असता तर हसून हसून मेलो असतो.

"अक्का, तू चाखून बघ," मी म्हणले. "खारट कळतंय न्हवं तुझ्या जिभेला? कोण बघायलंय इथं?"

"पांडव बघतात," ती म्हणली. "उष्टं नेऊ त्यांना? मंग शेतात काही उगवलं न्हाई तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"अगं, मंग आत्याबाईंना तरी बोलवू."

"गप बस."

तिनं मीठ टाकलं. पातेल्याकडं बघत उभी राहिली. परत मूठ भरली. "अळणी नैवेद्य नको बाई," असं स्वतःशीच म्हणली आन् टाकली. मी म्हणले बास. तिनं अजून थोडं टाकलं. हात आवरंनात तिला. मी मनगट धरलं तर तिची नाडी माझ्या बोटांना लागत होती. आन् ह्या सगळ्यात पातेल्यात काय शिजतंय, बुडाला काय करपतंय, ते दोघींलाबी कळलं न्हाई.

शेतात ऊन पडलं होतं. हरभरा गुडघ्याला आलेला. नैवेद्य झाला, आंबील शिंपडून झाली, पंगत बसली. वाढणाऱ्या आम्ही, म्हंजे आम्ही शेवटी जेवणार. लातूरचे चुलतसासरे मडिवाळप्पा पहिला घास घेऊन मोठ्यानं म्हणले, "वा! मंजुश्रीच्या हाताला तोड न्हाई!" मंग सगळेच म्हणायला लागले. छान, मस्त, फर्मास. अक्काचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी तिची मान वर झाली. पळीनं आग्रह करकरून वाढायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी कोपीच्या मागं जाऊन बोटानं थोडी तोंडात टाकली.

अय्यो शिवा! मीठच मीठ. आन् चोंदल्या नाकालाबी कळंल इतकी करपून कडू. मी बाहेर येऊन पंगतीकडं नीट बघितलं. प्रत्येक घासामागं माणसं तांब्यानं आंबील ढोसत होती आन् हसत होती.

अक्का आत्याबाईंपुढं आली. आत्याबाईंचं ताट मोकळं. मान वर न करता म्हणल्या, "लई झ्याक झालीय, मंजे. अशी भज्जी मी जन्मात खाल्ली न्हाई."

अक्काची पळी तिथंच थांबली. तिनं पळीला लागलेलं बोटानं पुसून जिभेवर ठेवलं. 

"तुमाला ठावं हाय," ती म्हणली.

मंग तिनं सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली.

"आत्याबाई, सगळ्यांना ठावं हाय?"

"दूध जळलं त्याच दिवशी मला कळलं," आत्याबाई म्हणल्या. "मला काय नाक न्हाई? परसात पुरल्याला येसर कुत्र्यानं उकरला, तोबी मीच झाकला. मीच सांगितलं ह्यांना सगळ्यांना, आज कुणी माझ्या सुनेला नाव ठेवायचं न्हाई म्हणून."

अक्का मटकन खाली बसली, हरभऱ्यातच. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई, पण त्या दिवशी सगळ्या शेतानं ऐकलं. "एवढी वर्षं तुमी नावं ठेवली, तवा मला कळायचं मी कुठं हाय. आता मला काहीच कळत न्हाई. एक तुमीच होतात. आन् तुमीबी चांगलं म्हणाया लागला? मेल्या माणसाला चांगलं म्हणतात, आत्याबाई! मी मेले का?"

 मडिवाळप्पांनी ताट खाली ठेवलं. मी अक्काजवळ जाऊन बसले, पण तिचं ध्यान माझ्याकडं नव्हतंच. ती आत्याबाईंकडं बघत होती.

आत्याबाईंनी पळीतली भज्जी ताटात ओढून घेतली. मोठा घास केला. सावकाश चावला. गिळला.

"खारट," त्या म्हणल्या. "मिठाचं पोतं ओतलंस का गं? ही काय भज्जी हाय? खाली लागलीय, वर बेसन कच्चं, तुरीचा दाणा दाताखाली खडा लागतोय. पांडवांपुढं असलं ठेवायला लाज न्हाई वाटली? माझ्या सासूनं पातेल्यासकट विहिरीत टाकलं असतं तुला..." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडायला लागलं. तरी त्या थांबल्या न्हाईत, आवाज फाटला तरी शिव्या देतच होत्या. आन् अक्का समोर बसून प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, शाळेतल्या पोरीवानी.

"लागल्याचा वास कसला यायलाय?" तिनं इचारलं.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ताट नाकाजवळ नेलं. "तुझ्या पहिल्या येळवसेला लागली होती बघ. तू कोपीमागं रडत बसली होतीस. तसलाच हाय."

अक्कानं ते ताट आपल्या दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले आन् लांब श्वास घेतला. सगळे तिच्याकडं बघत होते. 

"येत न्हाई," ती म्हणली.

मंग डोळे उघडून तिनं ताट परत आत्याबाईंपुढं ठेवलं. "बेसन कच्चं म्हणलात. किती कच्चं?"

आत्याबाईंनी दुसरा घास घेतला आन् सांगायला लागल्या.