छपराखालची फट

मामीनं बावीस वर्षं बेकरीत बिस्किटं कापली. मैद्याची धूळ छातीत बसली, डॉक्टरांनी बेकरी सोडायला लावली. तेव्हापासून ती मातीची मिठाई करते. वाटाण्याएवढा केक, तांदळाच्या दाण्याएवढी गोळी, नाताळात बिस्किटांच्या भिंती-छप्पर जोडून करतात तसलं, पण काडेपेटीत मावेल असं आल्याच्या बिस्किटांचं घर. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पण बघणारे कोण, तर घरी येणारे पाहुणे. बाकी माल डब्यात पडून.

यंदा खेळणीवाल्या बाईंनी दुकानाच्या दर्शनी काचेत जागा देऊ केली. सुट्टीत पोरं काचेला नाक लावून उभी असतात. अट एकच: शनिवारी ते बिस्किटांचं घर दाखवायचं, सांध्यात फट नको. पसंत पडलं तर ती जागा वर्षभर मामीची.

आणि ह्याच घरानं तिचा जीव खाल्ला. बिस्किट भट्टीत पसरतं, म्हणून बेकरीत ते कणभर आत कापायचं. मातीचं उलटं, ती वाळली की आकसते. मामीच्या डोक्याला हे कळत होतं, हाताला नाही. सुरी टेकली की हात आपला आत वळायचा. भिंती वाळल्या की छपराखालून नखभर उजेड.

तिसरं घर तिनं मुठीत चुरडलं. "हात आहेत की वैरी!"

मामा शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "फटीत पांढरी साखर दाखव की. खऱ्या बिस्किटांच्या घराला सांध्यात थापतातच."

"थापते. मग घर दिसेल का गिलावा ढासळलेला संडास?"

"मग वाढवून काप. आम्ही शिवणीला कापड सोडतो तसं."

"लई शहाणे. तुम्हीच कापा!"

मामानं खरंच कापलं, बेतानं वाढवून. दोन दिवसांत भिंती वाळल्या अन् छप्पर असं बसलं की पापणीचा केस आत जाईना. मामीनं दाराशी लाल-पांढऱ्या गोळ्या लावल्या, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

शनिवारी बाईंनी भिंग लावून घर न्याहाळलं. "ताई, जागा तुमची. अशी आणखी सहा द्या."

नुसतं 'बरं' म्हणून भागलं असतं. मामी म्हणाली, "भिंती ह्यांच्या आहेत. मला नाही जमल्या."

"मग पुढच्याही त्यांच्याकडूनच कापून घ्या."

घरी येऊन तिनं मातीचा गोळा मामापुढं आदळला. "घ्या. तुमचीच मागणी आहे."

मामानं माती लाटली, सुरी टेकवली.

"अहो, जरा आत घ्या!"

मामानं हात थांबवून तिच्याकडं बघितलं. मामीनं जीभ चावली. मग पाट उचलून भिंतीकडं तोंड करून बसली अन् केकवर गुलाबी फुलं चिकटवायला लागली. पाठीमागं सुरी मातीला टेकली की तिचे खांदे आखडत होते.